बीमचं डिझाइन एक्सेलवर करून ड्रॉइंग सोडणं बंद करा

तिरपी_सळई
चाकणकडच्या एका शेडमधल्या मेझनीनचं, म्हणजे मधल्या माळ्याचं, डिझाइन तपासायला आलं होतं. स्पॅन सहा मीटर, आयएसएमबी 300 (300 मिलिमीटर उंचीचा, आय आकाराचा पोलादी बीम), फॅक्टर्ड म्हणजे सुरक्षेसाठी वाढवून धरलेला लोड मीटरला 20 किलोन्यूटन, म्हणजे मोमेंट (बीम वाकवणारा जोर) 90 किलोन्यूटन-मीटर. शीटमध्ये हिरवागार सेल: कपॅसिटी 148, सेफ. आकडा बरोबरच आहे. झेडपी (बीमच्या आकाराचा गुणांक) 651.7 घनसेंटिमीटर गुणिले पोलादाची ताकद 250 भागिले सुरक्षेचा गुणक 1.1, 148च येतात. पण वरचा फ्लँज (आयची वरची आडवी पट्टी) धरून ठेवला असेल तरच, नाहीतर तो बाजूला वळतो! आधी वर चेकर्ड प्लेट वेल्ड होणार होती. मग मालकाला खाली उजेड हवा झाला, प्लेट गेली आणि ग्रेटिंग (लोखंडी जाळी) आलं, तेही नुसतं क्लिपवर. सहा मीटर मोकळ्या फ्लँजला आयएस 800:2007 (पोलादी बांधकामाचा भारतीय कोड) लावलं तर कपॅसिटी साधारण 55. शीटमध्ये हा प्रश्न विचारणारा रकानाच नव्हता. कोणी, कधी बनवली, तेही माहीत नाही. असल्या शीटवर माणसं उभी करायची?

वही_पेन्सिल
यात एक्सेलचं काय चुकलं? ग्रेटिंग आल्याचं डिझायनरला कोणी कळवलंच नाही. स्टाडसारख्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काय वेगळं झालं असतं? लोड द्यायला त्याच बीमवर मधे तीन नोड टाका, चार तुकडे होतील. अनसपोर्टेड लांबी (फ्लँज न धरलेली लांबी) स्वतः दिली नाहीत तर स्टाड प्रत्येक तुकड्याची, म्हणजे दीड मीटर धरतं. तिथेही 'पास'च. शीटमध्ये निदान सूत्र उघडून बघता येतं.

साइटवरची
उघडून बघता येतं खरं, बघतं कोण? आमच्या जुन्या ऑफिसातली गंमत सांगते. आरसीसी बीम 230 बाय 450, एम20 काँक्रीट, एफई415 सळई, मोमेंट 180. सिंगली, म्हणजे फक्त ताणाच्या बाजूला हिशेबाची सळई असलेल्या, बीमची मर्यादा साधारण 107, तेव्हा हा डबलीचा, म्हणजे दाबाच्या बाजूलाही सळई लागणारा, मामला. शीटमध्ये सळईच्या सूत्रात वर्गमुळाखाली उणे आकडा आला, म्हणजे एरर यायला हवी. पण कोण्या शहाण्याने प्रिंट घाण दिसते म्हणून इफएरर लावून तिथे शून्य ठेवलं होतं. पुढे मॅक्स फंक्शन, शून्य आणि किमान स्टील यातलं मोठं घ्या. उत्तर आलं 193 चौरस मिलिमीटर, 12 च्या दोन सळया. मजल्यावरच्या सगळ्यात भारी बीमला सगळ्यात कमी लोखंड! बारबेंडर म्हणाला, "मॅडम, शेजारच्या बारक्या बीमला चार आणि ह्याला दोन?" त्याने वाचवलं.

वही_पेन्सिल
हे वाचून पोटात गोळा आला. तरी म्हणेन, चूक एरर लपवणाऱ्याची.

तिरपी_सळई
मग माझंच म्हणणं खरं झालं की! एक्सेलमध्ये चूक लपवायला एक फंक्शन पुरतं.

कृष्णाकाठ
मोठं सॉफ्टवेअर लपवत नाही का? 1991 साली नॉर्वेत स्लाइपनर ए या समुद्रातल्या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया बुडाला. फायनाइट एलिमेंटच्या (रचनेचे छोटे तुकडे पाडून संगणकावर केलेल्या) हिशेबात शिअर, म्हणजे कापणारा जोर, 47 टक्के कमी धरला गेला होता. आणि व्यवहाराचं बोलू. सांगलीत बंगल्याच्या पोर्चच्या चार बीमची जी फी मिळते, त्यात लायसन्स कुठून आणू, राव? माझी शीट मीच बनवली आहे. इनपुटचे सेल पिवळे, बाकी सगळे लॉक. एफई415 ऐवजी एफई500 सळई घेतली की मोमेंटच्या मर्यादेचा गुणांक 0.138 च्या जागी 0.133 आपोआप येतो. दर कामात एक बीम हाताने सोडवून फाइलला जोडतो. जुळला नाही तर प्रिंट निघत नाही.

तिरपी_सळई
तुम्ही करता हो, पण शीट फिरते ना! पेन ड्राइव्हवरून पोरगा घेऊन जातो, लॉक काढतो, आणि तुमचा तो हाताने सोडवलेला बीम तुमच्याच फाइलमध्ये राहतो.

कृष्णाकाठ
हे मात्र खरं आहे. माझीच एक जुनी शीट मिरजेत भेटली होती, 1984 च्या आयएस 800 ची, वर्किंग स्ट्रेस या जुन्या पद्धतीची. कोणीतरी नुसतं शीर्षक बदलून 2007 केलं होतं.

साइटवरची
त्या मेझनीनचं पुढे काय झालं?

तिरपी_सळई
दर दोन मीटरला आडवे चॅनेल, वरच्या फ्लँजलगत. कपॅसिटी साधारण 126 झाली. हो, एक्सेलमध्येच काढली, हसू नका. आधी वहीत.

वही_पेन्सिल
हसत नाही. पण प्लॅनमध्ये तिरकं ब्रेसिंग दिलंय ना? नुसत्या चॅनेलांनी सगळे बीम हातात हात घालून एकाच बाजूला झुकतील.

तिरपी_सळई
शेवटच्या बेमध्ये (कॉलममधल्या गाळ्यात) दिलंय, कॉलमला बांधून.