पालकाचे थायलाकॉइड वापरून तणनाशक तपासणी: विहिरीत शून्य, जेटीवर ४५ टक्के?

खाडीकाठ
रत्नागिरी तालुक्यातलं दोन ठिकाणचं पाणी पालकाच्या थायलाकॉइडनं (पानातल्या हरितकणांतल्या, प्रकाश पकडणाऱ्या पटलांनी) तपासतोय. एक आंब्याच्या बागेखालची विहीर. बागेत ग्लायफोसेट मारून आठवडा झालाय. दुसरं मासेमारी जेटीजवळचं खाडीचं पाणी. क्युव्हेटमध्ये (प्रकाशमापकाच्या पारदर्शक कुपीत) एकूण ३ मिलि, त्यात नमुना १.५ मिलि. हरितद्रव्य मिलिलिटरला १५ मायक्रोग्रॅम, डीसीपीआयपी (इलेक्ट्रॉन मिळाले की रंगहीन होणारा निळा रंग) ५० मायक्रोमोलर, बफर पीएच ७.८. तांबडा एलईडी, दर ३० सेकंदांनी ६०० नॅनोमीटरला वाचन. १ मायक्रोमोलर अ‍ॅट्राझिन हे तणनाशक घातलं की निळा रंग फिका होण्याचा वेग ७० टक्क्यांनी पडतो, म्हणजे चाचणी चालते. विहिरीच्या पाण्यात घट शून्य, जेटीच्या पाण्यात ४५ टक्के. शिवाय अंधारातही निळा रंग हळूहळू फिका होतोय. विहीर स्वच्छ समजू का? आणि जेटीवर तणनाशक आहे असं अहवालात लिहू का?

कातळसडा
विहिरीबद्दल यावरून काहीच लिहू नका. फोटोसिस्टीम-२ (थायलाकॉइडमधला, प्रकाश घेऊन पाण्यातून इलेक्ट्रॉन काढणारा प्रथिनसमूह) च्या डी-१ प्रथिनात क्यूबी ही जागा आहे. प्लास्टोक्विनोन हा इलेक्ट्रॉनवाहक रेणू तिथं बसतो, इलेक्ट्रॉन घेतो आणि निघून जातो. अ‍ॅट्राझिन, सिमाझिन, मेट्रिब्युझिन, डायुरॉन नेमकी तीच जागा अडवून बसतात, म्हणून इलेक्ट्रॉन डीसीपीआयपीपर्यंत पोचत नाहीत आणि निळा रंग टिकतो. ग्लायफोसेट ईपीएसपीएस हे विकर बंद पाडतं, त्याचा या जागेशी संबंधच नाही. भातखाचरातलं प्रेटिलाक्लोर, बिस्पायरिबॅक सोडियम, २,४-डी यांचंही तसंच. पॅराक्वॉट मात्र फसवतं: ते प्रकाशसंश्लेषणावरच घाला घालतं, पण फोटोसिस्टीम-१ कडून इलेक्ट्रॉन पळवून. क्यूबी मोकळीच राहते.

आधी बागायतदाराकडचे रिकामे डबे बघा. ट्रायाझिन किंवा युरिया गटातलं काही नसेल, तर त्या विहिरीसाठी ही चाचणी करण्यात अर्थ नाही.

असलं तरी थेट नमुना घालून भागणार नाही. पिण्याच्या पाण्यात अ‍ॅट्राझिनची आयएस १०५०० या भारतीय मानकातली मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. तुमचं १ मायक्रोमोलर म्हणजे लिटरला २१६ मायक्रोग्रॅम! पाणी घट्ट करावंच लागेल. सी-१८ कार्ट्रिज (पाण्यातली सेंद्रिय संयुगं धरून ठेवणारी नळी, ५०० मिग्रॅ) घ्या. आधी ५ मिलि मिथेनॉल, मग ५ मिलि पाणी, आणि मध्ये ते सुकू देऊ नका. गाळ काढलेलं ५०० मिलि पाणी मिनिटाला ५ ते १० मिलि या वेगानं सोडा. ५ मिलि पाण्यानं धुवा, हवा ओढून कोरडं करा, मग ३ मिलि मिथेनॉलनं उतरवा. ४० अंशांखाली सुकवून ५० मायक्रोलिटर इथेनॉलमध्ये विरघळवा आणि बफरनं ५ मिलि करा. शंभरपट झालं. क्युव्हेटमध्ये ते निम्मं होईल, म्हणजे मर्यादेइतकं अ‍ॅट्राझिन तिथं ०.४६ मायक्रोमोलर दिसेल. हे तुमच्या चाचणीच्या टप्प्यात येतं. इथेनॉल ०.५ टक्के राहतं, त्याहून वाढवू नका, आणि ब्लँकमध्येही (तुलनेसाठीच्या, नमुना नसलेल्या क्युव्हेटमध्ये) तेवढंच घाला.

वल्हं
जेटीचं सांगतो. पहिला संशय मिठावर. समुद्राचं पाणी निम्मं घातलं की क्युव्हेटमध्ये पाव मोलर मीठ होतं. जास्त मिठानं फोटोसिस्टीम-२ च्या ऑक्सिजन सोडणाऱ्या भागावरची बाहेरची प्रथिनं सुटतात, वेग पडतो आणि तणनाशकाचा भास होतो. तेवढ्याच खारेपणाचा मिठाचा ब्लँक लावा. पावसाळ्यात खाडीचा खारेपणा भरती-ओहोटीगणिक बदलतो, त्यामुळे प्रत्येक नमुन्याचा खारेपणा मोजूनच ब्लँक बनवा.

दुसरा संशय तांब्यावर. होड्यांच्या तळाच्या रंगात क्युप्रस ऑक्साइड असतं आणि तांबं फोटोसिस्टीम-२ ला मारतंच. (आगरात सुपारीवर बोर्डो मिश्रण मारत असतील तर विहिरीलाही हेच लागू.) वरच्या कार्ट्रिजमधून मीठ आणि तांब्याचे आयन बहुतेक पाण्याबरोबर निघून जातात. त्यानंतरही घट राहिली तर ती खरी धरण्यासारखी, कारण अशा रंगांत डायुरॉनही वापरलं जातं आणि सायब्युट्रिनही वापरात होतं. दोन्ही क्यूबीलाच बसतात. सायब्युट्रिनवर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या करारानं १ जानेवारी २०२३ पासून बंदी आहे, पण जुने थर असू शकतात.

पडताळणीसाठी ०.५ मिलिमोलर डायफिनाइलकार्बाझाइड (फोटोसिस्टीम-२ ला पाण्याऐवजी थेट इलेक्ट्रॉन देणारं संयुग) घालून बघा. मिठानं बिघडलेला वेग बराच परत येतो, क्यूबी अडलेली असेल तर येत नाही. अहवालात मात्र संयुगाचं नाव नको, 'डायुरॉन-समतुल्य' (म्हणजे तेवढीच घट किती डायुरॉननं होते) एवढंच लिहा.

हरितकण
अंधारात रंग उडतोय? पालक वाटताना बफरमध्ये अ‍ॅस्कॉर्बेट घातलं होतं का? तेच डीसीपीआयपीला रंगहीन करतं. ३००० जी ला १० मिनिटं फिरवून वरचं पाणी ओता, अ‍ॅस्कॉर्बेट नसलेल्या बफरमध्ये गोळा मऊ ब्रशनं सैल करा आणि पुन्हा फिरवा. दोनदा धुतल्यावर अंधारातली रेघ सपाट व्हायला हवी. झाली नाही तर नमुन्यातच क्षपणकारक काहीतरी आहे. तेव्हा प्रत्येक नमुन्याचा अंधारातला वेग वजा करा.

पालकही बघा. घाटावरून येणारी जुडी दोन दिवस गोणीत तापलेली असते, तिचा वेग सुरुवातीलाच कमी. पान ताजं हवं, देठ-शिरा काढलेलं, रात्रभर अंधारात थंड ठेवलेलं, म्हणजे स्टार्च कमी होतो.

खाडीकाठ
हो, अ‍ॅस्कॉर्बेट ५ मिलिमोलर होतं आणि धुतलं एकदाच. धन्यवाद! पुढं हेच इलेक्ट्रोडवर बसवायचं आहे.

हरितकण
अल्ब्युमिन आणि ग्लुटराल्डिहाइडच्या जाळ्यात बसतं. ग्लुटराल्डिहाइड ०.३ टक्क्यांपासून सुरू करा. जास्त झालं तर थर छान घट्ट होतो आणि प्रकाशप्रवाह मरतो. कमी झालं तर पहिल्याच धुण्यात हिरवं पाणी सुटतं. उरलेले थायलाकॉइड १० टक्के ग्लिसरॉलमध्ये, १०० मायक्रोलिटरच्या कुप्यांत, उणे ८० अंशांना. वीज जाऊन वितळले तर पुन्हा गोठवू नका, टाकून द्या.