ईस्टरच्या घरट्यांच्या कुकीज बसतात, काय चुकतंय?

लाटणंबहाद्दर: ईस्टरसाठी घरट्यासारख्या कुकीज करतेय, मधे खळगा आणि त्यात चॉकलेटची छोटी अंडी. दोन घाणे झाले, दोन्ही वेळा ओव्हनमधे पसरून सपाट पापड, खळगा गायब, आणि अंडी आधीच ठेवलेली त्यांचा पार चिखल झाला. पीठ लोणी-साखर-मैद्याचं आहे. काय करू?

खमंग_खादाड: लोणी फार मऊ होतं का? गोळे करून खळगा दाबायचा आणि ट्रेसकट अर्धा तास फ्रीजमधे, मग थेट गरम ओव्हनमधे. तरी खळगा थोडा भरून येतोच, म्हणून बाहेर काढल्या काढल्या गरम असतानाच चमच्याच्या पाठीने परत दाब, गार झाल्यावर दाबलंस तर तडकणार. अंडी सगळ्यात शेवटी गं बाई!

नारळीपाक: मी तर मैद्याच्या नादालाच लागत नाही. २०० ग्रॅम सुकं खोबरं, २ अंड्यांचा पांढरा बलक, १०० ग्रॅम साखर, कालवून मफिन ट्रेमधे बोटांनी दाबायचं, १६० डिग्रीला १५-१८ मिनिटं. कडेचं खोबरं तांबूस होऊन काड्यांसारखं दिसतं, खरं घरटंच वाटतं. गार झाल्यावर वितळलेल्या चॉकलेटचा ठिपका टाकून अंडी चिकटव, नाहीतर घरंगळतात.

खमंग_खादाड: आणि घरात अगदी लहान मुलं असतील तर ती टणक गोल अंडी नकोच, घशात अडकतात.

लाटणंबहाद्दर: ट्रे फ्रीजमधे गेलाय. खोबऱ्याचा घाणा उद्या, पिवळे बलक उरतील त्यांचं काय करू तेही सांगा 😅