कुत्र्याच्या टोपात काय असावे: भात-बांगडा की पाकिटातले दाणे?

पर्वरीकर

गेल्या महिन्यात आमच्या मोतीला लस टोचून घेण्यासाठी दवाखान्यात बसलो होतो. तेव्हा शेजारच्या बाकावरच्या एका बाईंनी मी कुत्र्याला काय घालतो, अशी चौकशी केली. "भात आणि बांगडा" असे मी सांगताच त्यांनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले, ती मला अद्याप विसरता आलेली नाही, आणि हा धागा काढण्यामागचे खरे कारण तीच आहे.

गोव्यात माझी दोन घरे आहेत. पर्वरीच्या सदनिकेत मोती राहतो आणि सत्तरीतील मूळ घरी काळू राहतो. काळूचे जेवण म्हणजे दुपारचा उकडा भात, त्यावर हुमणाची, म्हणजे माशांच्या आमटीची, कढी आणि माशांची डोकी. हे सारे मागच्या पडवीतील पोचे पडलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या टोपात ओतले जाते आणि तो ते पाऊण मिनिटात संपवतो. आमच्या इमारतीतील बहुतेक कुत्री मात्र दुकानातले दाणे खातात, ज्यांना कंपनी कोणतीही असली तरी आपण सगळे 'पेडिग्री' म्हणतो. पहिली पद्धत मागास आणि दुसरी शास्त्रीय, अशी जी समजूत शहरात रूढ झाली आहे, ती मला मान्य नाही.

कुत्रा म्हणजे मांसावर जगणारा लांडगा, त्याला भात पचत नाही, हे वाक्य तर वारंवार ऐकू येते. उप्सला विद्यापीठातील एरिक अ‍ॅक्सेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली 'नेचर'मध्ये जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यात स्वादुपिंडात पिष्ट (स्टार्च) पचवणारे विकर (एन्झाइम) तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच, तर कुत्र्यात चार ते तीस आढळल्या. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे राहिल्याचा तो परिणाम असावा. तेव्हा काळूला भात पचतो, आणि तो शिजलेला असल्याने चांगलाच पचतो.

आता हिशेब पाहा. बारा किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या, मध्यम हालचाल करणाऱ्या कुत्र्याला पशुवैद्यकातील प्रचलित सूत्राने दिवसाला सुमारे 720 किलोकॅलरी लागतात. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेचे प्रमाण धरले, तर प्रौढ कुत्र्याला तेवढ्या ऊर्जेमागे किमान 32 ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. साडेचारशे ग्रॅम शिजलेल्या भातातून सुमारे 12 ग्रॅम येतात आणि दोन मध्यम बांगड्यांच्या मांसातून आणखी वीस-बावीस. म्हणजे भात-बांगडा हे जेवण प्रथिनांच्या कसोटीला उतरते. मग त्या बाईंची करुणा कशासाठी होती, हे कोणी मला समजावून सांगावे.

डिचोलीचा निवृत्त पशुसेवक

पर्वरीकर, आपला हिशेब बरोबर आहे, पण आपण ज्या टोपाचा हिशेब मांडला तो टोप मी नोकरीच्या काळात क्वचितच पाहिला. रेबीजविरोधी लसीकरणाच्या मोहिमेत आणि एरवी गुरांच्या कामासाठी मी डिचोली व सत्तरीतील वाड्यावाड्यांवर फिरलो आहे. गावात कुत्र्याला 'दोन बांगडे' कोणी देत नाही. त्याला दोन बांगड्यांचे काटे आणि एक डोके मिळते, आणि घरात पाहुणे आले असतील तर तेही मिळत नाही. भात तेवढा मिळतो. आपल्याच आकड्यांनी सारे 720 किलोकॅलरी भातातून भागवायचे म्हटले तरी प्रथिने पंधरा ग्रॅमच्या आसपास थांबतात, म्हणजे गरजेच्या निम्मीदेखील होत नाहीत.

खरी हानी पिलांची होते. एका घरी चार महिन्यांचे पिल्लू पाहिले होते, जे पेज आणि भातावर वाढवले होते. त्याचे पुढचे पाय कोपरापासून धनुष्यासारखे वाकले होते आणि पंजे चपटे पडले होते. घरचे लोक म्हणत होते की ते जन्मापासूनच तसे आहे. कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण किमान एकास एक तरी असावे लागते. भातात, मांसात आणि काट्यावेगळ्या मासळीत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते, त्यामुळे शरीर ते हाडांतून ओढून घेते. आपल्या प्रौढ काळूच्या जेवणातही हीच उणीव आहे, आणि ती आपल्या हिशेबात कोठेच आली नाही.

आणखी एक गोष्ट म्हणजे कढी. आपल्या हुमणात कांदा असतो, काही घरांत लसूणही असते. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला, तर कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटू लागतात. बारा किलोच्या कुत्र्यासाठी हे साठ ग्रॅम होतात, म्हणजे एक लहान कांदा. तो शिजवल्याने निरुपद्रवी होत नाही. चिंचेबाबतही सावध असावे. द्राक्षांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडे का निकामी होतात, या जुन्या कोड्याचे उत्तर म्हणून 2021 साली अमेरिकेतील पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले, आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असते. कोकमाचे मुख्य आम्ल वेगळे आहे. परंतु कढीत कोकमाची सोले पडली आहेत की चिंच, हे पाहून टोपात ओतणारे घर मला अजून भेटलेले नाही.

कुळागरकर, केरी

काका, आपल्या अनुभवाबद्दल आदर राखूनच लिहितो. आपण लस टोचायला आलात तेव्हा टोप पाहिलात, पण कुत्रा दिवसभर काय खातो ते पाहिले नाही. आमचा कुत्रा सकाळी टोपातला भात खातो आणि मग कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, जातो. तिथे उंदीर, घुशी, पडलेले फणसाचे गरे, पावसाळ्यात बेडूक आणि खेकडे, यांतले काही ना काही त्याच्या तोंडी लागतेच. हे त्याच्या आहाराच्या कोणत्याही तक्त्यात येत नाही. गावातील भाताचा टोप हा त्याच्या आहाराचा पाया आहे, संपूर्ण आहार नव्हे, आणि सदनिकेतील बंद दारामागच्या कुत्र्याशी त्याची तुलना केली तर चूक होणारच.

पाकिटावर आपण सारे ज्या श्रद्धेने विसंबतो, तिच्याविषयीही थोडे बोलले पाहिजे. 2007 साली उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांचे खाद्य मोठ्या प्रमाणावर परत मागवावे लागले, कारण चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये प्रथिनांचा आकडा फुगवण्यासाठी मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळले होते आणि त्यामुळे जनावरांची मूत्रपिंडे गेली. 2018 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने धान्यविरहित, वाटाणे-मसूर भरलेल्या महागड्या खाद्याचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे काय, याची चौकशी जाहीर केली. ठाम निष्कर्ष निघाला नाही हे खरे, परंतु ज्या भाताला आपण हलका समजतो तो काढून टाकलेले खाद्यच संशयाच्या भोवऱ्यात सापडले, याची मला गंमत वाटते.

पणजीची रहिवासी

कुळागरकर, तो उंदीर आपल्या कुत्र्याच्या 'आहारात' मोजताना त्याच्यासोबत येणारा लेप्टोस्पायरोसिस हा उंदरांपासून पसरणारा आजारही मोजावा, एवढीच विनंती आहे.

मी नोकरी करते, सकाळी आठला घर सोडते आणि संध्याकाळी सातला परतते. माझ्या लॅब्राडोरला मी ड्राय फूड देते आणि त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. मोजपात्र भरले की काम झाले, ते दिवसभर आंबत नाही, मुंग्या सोडल्या तर कोणी फिरकत नाही, आणि पाकिटावर घटक लिहिलेले असतात. आपण 2007 चे उदाहरण दिलेत, पण त्या घटनेत माल परत मागवता आला, कारण कोणत्या पाकिटात काय गेले याची नोंद होती. बाजारातून सकाळी आणलेला आणि दुपारपर्यंत ओट्यावर राहिलेला बांगडा परत मागवता येत नाही. उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन हे बाधणारे द्रव्य तयार होते, ते शिजवूनही जात नाही. आपण स्वतः तो बांगडा खाणार नाही आणि म्हणून कुत्र्याला घालतो, हे गावातही होते आणि शहरातही.

मात्र शहरात आमची चूक दुसरीकडे होते, हे मी मान्य करते. दाणे मोजून घातल्यावर वर पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) उंडा, चहातली बिस्किटे, आजोबांच्या ताटातला चिकनचा तुकडा, असे चालूच राहते. शंभर ग्रॅम दाण्यांत साधारण साडेतीनशे किलोकॅलरी असतात, त्यामुळे त्यावरची प्रत्येक बिस्किटी माया थेट कमरेवर चढते. गेल्या वर्षी माझ्या कुत्र्याचे वजन 41 किलोवर गेले होते आणि बरगड्या हाताला लागत नव्हत्या. दोष पाकिटाचा नव्हता, आमचाच होता.

फोंड्याचे शाकाहारी घर

या चर्चेत प्रत्येकाने मासळी गृहीत धरली आहे, म्हणून लिहितो. आमच्या घरात मासळी येत नाही, पण कुत्रा आहे. तो वरण-भात, भोपळा आणि ताक-भात खातो, आणि नऊ वर्षांचा आहे. मांजराला मांसावाचून गत्यंतर नाही, कुत्र्याचे तसे नाही, फक्त आहाराची जुळणी नीट करावी लागते. पशुवैद्यांनी अंडी सुचवल्यावर आईने विचार करून मागच्या पडवीत वेगळी चूल आणि वेगळे भांडे मांडले. आता रोज सकाळी वडील तिथे दोन अंडी उकडतात आणि हात धुऊन घरात येतात. धर्मही राहिला आणि कुत्राही.

दूध मात्र बंद केले. बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना दुधातील साखर पचत नाही. आमच्याकडे हे कळेपर्यंत अंगण धुण्यात एक अख्खा पावसाळा गेला.

डिचोलीचा निवृत्त पशुसेवक

फोंडेकरांचे उदाहरण मला या धाग्यातले सर्वांत उपयोगी वाटते, कारण त्यांच्या घरी कुत्र्यासाठी म्हणून काहीतरी मुद्दाम शिजते. माझा आक्षेप भाताला कधीच नव्हता. घरच्यांचे जेवण उरकल्यावर जे राहील ते त्याचे, या पद्धतीला आहे. माणसासाठी मीठ-मिरची घालण्यापूर्वी वाटीभर बाजूला काढायचे, एवढेच करायचे असते, पण तेवढे कोणी करत नाही.

कुळागरकर म्हणतात त्याप्रमाणे गावचा कुत्रा बाहेर खातो, हे मान्य. पण तो बाहेर काय खातो? आता प्रत्येक नाक्यावर चिकन सेंटर आहे आणि त्याच्यामागे आतड्यांचा ढीग असतो. शिवाय रविवारी घराघरांतून शिजलेली कोंबडीची हाडे बाहेर पडतात. शिजल्याने हाड ठिसूळ होते आणि त्याच्या टोकदार चिरफळ्या आतड्यात रुततात. तशा एका कुत्र्याला वाळपईहून मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत संध्याकाळ झाली, आणि तो वाटेतच गेला.

पर्वरीकर

काका, कॅल्शियमचा मुद्दा मी सोडून दिला होता आणि ती चूक मान्य करतो. बारा किलोच्या कुत्र्याला त्याच अमेरिकी प्रमाणाने दिवसाला साधारण 0.9 ग्रॅम कॅल्शियम हवे, आणि अंड्याच्या कवचाची बारीक पूड अर्धा चमचा घातली की ते ढोबळमानाने भागते, असे पशुवैद्यांकडूनही विचारून घेतले. सत्तरीत आता कवचे उकळून, वाळवून पाट्यावर वाटली जातात. वहिनी हसतात, पण वाटतात. कढीऐवजी मीठ न घातलेले माशाचे पाणी ओतायचे, हेही ठरले. कच्ची मासळी द्यायची नाही, कारण काही माशांत थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) नष्ट करणारे विकर असते आणि ते शिजवल्यावरच निष्प्रभ होते. उकड्या तांदळासाठी टरफलासकट भात वाफवताना थायमिन दाण्यात उतरते, ते कच्च्या तारल्यांपायी घालवण्यात अर्थ नाही.

परंतु एक अडचण उरते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि पाठोपाठ श्रावण लागतो, तेव्हा आमच्या घरी चतुर्थी होईपर्यंत मासळी येत नाही. तेवढे दिवस काळू शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, मुक्काम ठोकतो, रात्री राखणीला तेवढा आमच्याकडे येतो. त्या घरीही या दिवसांत पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीला, भरलेले खारे बांगडेच असतात. ते रात्रभर भिजत घालून, पाणी टाकून त्याला दिले तर चालतील काय?

डिचोलीचा निवृत्त पशुसेवक

चालणार नाहीत. तीन पाण्यांतून काढले तरी मीठ आत राहतेच, आणि पावसात साठवलेल्या खाऱ्या मासळीला बुरशीही लवकर धरते. फोंडेकरांप्रमाणे पडवीत वेगळी चूल मांडा आणि जूनपासून रोज दोन अंडी द्या. शेजाऱ्यांनाही हे सांगून ठेवा, नाहीतर काळू दोन्ही घरी जेवेल आणि चतुर्थीला तुम्हाला तो ओळखता येणार नाही.