अनुभव सांगा: पुण्यात इतिहासात पीएचडी करावी का?

एमए इतिहास झालंय, नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) निघाली पण जेआरएफ (त्यातूनच मिळणारी संशोधनाची फेलोशिप) थोडक्यात हुकली. विषय डोक्यात पक्काय, पेशवाईत कात्रजच्या तलावातून पुण्यातल्या हौदांना पाणी यायचं त्याची देखभाल कोण करायचं, खर्च कुठून यायचा. घरचे विचारतात पाच वर्षांनी हातात काय, मला उत्तर देता येत नाही. ज्यांनी केली, सोडली, मधेच अडकलेत, सगळ्यांनी लिहा प्लीज. पैशांचंही सांगा.

कोथरूडकर:
जेआरएफला 2023 पासून महिना 37,000, दोन वर्षांनी एसआरएफ (तिचीच पुढची पायरी) झालं की 42,000, वर घरभाडं भत्ता. पण दर महिन्याला वेळेवर येतीलच असं नाही, माझे मधे बरेच महिने अडकले होते, मेसवाल्या काकू थांबल्या, रूमचा मालक नाही थांबला. सारथी, बार्टी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपांत कुठे बसतोस का बघ, नाहीतर परत नेट दे. फेलोशिप नसताना फुलटाइम उडी मारू नकोस असं माझं स्पष्ट मत.

रुमालवाली:
विषय वाचूनच छान वाटलं. पण आधी एक कर, पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवाईतले जुने कागद ठेवलेत तिथे, जाऊन बसून बघ. रुमाल (कागदांचं कापडी गाठोडं) सोडला की आत मोडी लिपीतले कागद, शिरोरेषा आधीच ओढलेली, शब्द तोडलेले नाहीत, कुठे संपला कुठे सुरू झाला कळत नाही, आणि तारीख असते ‘इहिदे सबैन मया व अलफ’ अशी. म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, 1171, हे सुहूर सन, तेव्हाची कालगणना, त्यात 599-600 मिळवले की 1770-71. सुरवातीला एका पानाला अख्खी दुपार जायची माझी. संध्याकाळी डोळे चुरचुरायचे तरी दुसऱ्या दिवशी गेट उघडायच्या आधी मी हजर. हे तुला रजिस्ट्रेशनच्या आधीच कळेल, की कागद बघून हात शिवशिवतात का कंटाळा येतो. मला स्वतःला हाच सगळ्यात खरा निकष वाटतो, नोकरीबिकरी नंतर.

भोसरीचा मास्तर:
नोकरी नंतर हे म्हणायला ठीके हो ताई, घरभाडं कोण भरणार. माझी पीएचडी झाली, व्हायवा मस्त झाला, आणि मी अजून सीएचबीवर (तासाप्रमाणे पैसे) दोन कॉलेजांत तास घेतोय, सुट्टीत पगार नाही. असिस्टंट प्रोफेसरला 2023 पासून पीएचडी सक्तीची नाही, नेट-सेट चालते, ती तुझ्याकडे आहेच. त्यामुळे फक्त नोकरीसाठी करणार असशील तर नको. संशोधन मात्र मला आवडलं, ते वाया गेलं असं मी कधीच म्हणणार नाही.

दोन लेकरांची आई:
मी पार्टटाइम करतेय, शाळेतून एनओसी आणावी लागली. 2022 च्या यूजीसी नियमांत मुदत सहा वर्षं, बायकांना आणखी दोन, शिवाय मुलांसाठी 240 दिवसांपर्यंत रजा. हे आमच्या ऑफिसात कोणी आपणहून सांगितलं नव्हतं, मीच नियम वाचून अर्ज केला. तेव्हा नियमावली स्वतः वाच रे बाबा.

अर्ध्यावर उतरलेली:
कोर्सवर्क करून सोडली मी. विषय गाईडचा होता, माझा नव्हता, दर सहा महिन्यांच्या आरएसीला (प्रगती तपासणारी समिती) तेच तेच बोलायचं आणि पोटात गोळा. आता प्रकाशनात संपादन करते, कोर्सवर्कमधली संदर्भ तपासायची सवय रोज कामाला येते. तुझा प्रश्न तुझा स्वतःचा आहे, ते सोडू नकोस, कोणी बदल म्हटलं तर आधी भांड.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. रुमालवाली ताई, मोडी अजिबात येत नाही, आधी ती शिकू का गाईड शोधू?

रुमालवाली:
मोडी आधी, गाईड शोधणं त्याच्यासोबत चालू ठेव. आणि गाईडला निवृत्तीला किती वर्षं आहेत ते विचारायला लाजू नकोस, तीन वर्षांपेक्षा कमी असतील तर नवीन विद्यार्थी घेताच येत नाही. पहिल्यांदा दफ्तरात जाशील तेव्हा कळव, अक्षरं लावायला मी येते बरोबर.