सायटेशन म्हणजे मानपत्र?

खाडीकाठ (रत्नागिरी) : आमच्या मार्गदर्शक बाई निवृत्त होतायत. आयुष्य मत्स्यविज्ञानात गेलं, त्यातही तिसऱ्या आणि कालवं, म्हणजे शिंपल्यातले जीव. सत्काराच्या पत्रिकेचा मजकूर कुणीतरी इंग्रजीवरून मराठीत करून पाठवला : ‘बाईंच्या नावावर ६४ पेपर असून त्यांना १,१०० मानपत्रे मिळाली आहेत.’ बाई इतक्या हसल्या की बशीतला चहा सांडला. पुरस्कारासोबतच्या सायटेशनला मानपत्र म्हणतात, मान्य. पण हे सायटेशन वेगळं : दुसऱ्या संशोधकाने आपल्या लेखात बाईंच्या पेपरचा उल्लेख केला, की एक. याला शब्द काय? ‘पेपर’ही बदलायचाय. सासूबाईंनी विचारलं, एवढे पेपर कसल्या परीक्षेचे?

जुना मुद्रितशोधक : पेपरला शोधनिबंध. प्रबंध नको, तो पीएच.डी.चा. सायटेशनला ‘उद्धरण’ लिहा, छापील मराठीत चालतं.

मिऱ्याची : उद्धरण म्हणजे दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे उचलणं. बाईंचं एक वाक्यही न घेता कंसात नुसतं नाव आणि साल टाकलं तरी सायटेशन झालं की!

जुना मुद्रितशोधक : बरोबर. तरी उद्धरणाला एक मजा आहे. भांडणात आपण सात पिढ्यांचा उद्धार करतो ना, तसं ‘यांचा निष्कर्ष साफ चुकला’ असं कुणी लिहिलं, तरी त्यांच्या खात्यात एक आकडा वाढतोच. मोजणाऱ्याला स्तुती आणि शिवी सारखीच.

खाडीकाठ : मग ‘संदर्भ’?

मिऱ्याची : त्यात दिशा हरवते. ‘बाईंचे १,१०० संदर्भ’ म्हटलं की बाईंनीच इतके दिले असं वाटतं. आपण देतो ते संदर्भ. आपल्याला मिळतात त्यांचं काय?

कोर्टाच्या पायरीवरून : दाखला! वकील रोज जुन्या निवाड्यांचे दाखले देतात. आणि ही मोजदाद मुळात आमच्याकडचीच. अमेरिकेत इलिनॉयमध्ये फ्रँक शेपर्डने १८७३ मध्ये, कुठल्या निवाड्याचा दाखला पुढे कुठे दिला गेला, याची नोंद ठेवायला सुरुवात केली. युजीन गारफील्डने तीच युक्ती विज्ञानाला लावून १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढला.

शिरोड्याचो माड : दाखलो म्हटलो की माका तलाठ्याकडचो आठवता!

कोर्टाच्या पायरीवरून : तो ‘काढायचा’ असतो, हा ‘द्यायचा’. क्रियापद बदललं की घोटाळा मिटतो.

खाडीकाठ : पटलं. आता एच-इंडेक्स. पत्रिकेत तोही आहे.

मिऱ्याची : एच-निर्देशांक. महागाईचा चालतो तर हाही चालेल. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये मांडला. जितक्या निबंधांना प्रत्येकी किमान तितके दाखले, तो सर्वांत मोठा आकडा म्हणजे निर्देशांक. समजा एकाच्या सात निबंधांना उतरत्या क्रमाने ४०, २२, ९, ६, ५, ३, १ दाखले आहेत. पाचव्याला पाच आहेत, सहाव्याला सहा नाहीत. म्हणजे निर्देशांक ५. पहिल्याचे ४० चे ४०० झाले तरी पाचच.

खाडीकाठ : बाईंचे यजमान गणितातले. त्यांना दाखले बाईंच्या निम्मेही नाहीत. बाई घरात त्यावरून चिडवतात.

मिऱ्याची : चिडवू नये म्हणावं! गणितातला निबंध मोजक्याच निबंधांचे दाखले देतो आणि लोकांना तो पचायलाही वर्षं जातात. वैद्यकात एकेका निबंधामागे लांबलचक याद्या आणि लेखकांची रांग. दोन शाखांचे आकडे एका तागडीत घालणं म्हणजे बांगडे आणि कालवं नगावर मोजण्यासारखं.

जुना मुद्रितशोधक : ग्रंथ लिहिणाऱ्यांचे तर हालच. चिपळूण तालुक्यात जन्मलेले पां. वा. काणे घ्या, १९६३ चे भारतरत्न. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे पाच खंड अभ्यासक किती वर्षं उघडतायत! पण खंड सुटे धरले तरी त्या कामाचा एच-निर्देशांक जास्तीत जास्त पाच.

खाडीकाठ : मग असं लिहिते : ‘बाईंचे ६४ शोधनिबंध प्रसिद्ध असून इतर संशोधकांनी त्यांचे १,१०० वेळा दाखले दिले आहेत.’ एच-निर्देशांक गाळते, मांडवात कुणाला समजावत बसू? यजमानांना मात्र वरचा मजकूर दाखवते.

जुना मुद्रितशोधक : ‘अकराशे वेळा’ करा. सासूबाई वाचणार आहेत.