पाचगणीच्या बागेतील अनोळखी वेली गुलाब : ओळख आणि निगा

प्रश्न (पाचगणी)

नमस्कार. आमच्या जुन्या घराच्या आवारात जांभ्या दगडाच्या भिंतीवर एक वेली गुलाब पसरला आहे. त्याच्या फांद्या चार-पाच मीटर लांब, लवचिक आणि जवळजवळ बिनकाट्याच्या आहेत. एका पानात सात किंवा नऊ पर्णिका (पानाचे छोटे भाग) असतात. फेब्रुवारीअखेरीस किंवा मार्चमध्ये, वर्षातून एकदाच, सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाची पाच पाकळ्यांची पांढरी फुले मोठ्या झुपक्यांनी येतात. सध्या तो बहर सुरू आहे. सासूबाई सांगतात की याच जागी त्यांनी गडद लाल, भरगच्च फुलांचा गुलाब लावला होता, परंतु तशी फुले मी कधीच पाहिलेली नाहीत. माळीकाका इतर गुलाबांबरोबर याचीही ऑक्टोबरमध्ये छाटणी करतात आणि अलीकडे फुले फारच तुरळक झाली आहेत. एका रोपवाटिकेत हा ‘बँक्शिया’ जातीचा वेली गुलाब असल्याचे सांगण्यात आले. ते बरोबर आहे का, आणि याची निगा कशी राखावी?

उत्तर १ (पुणे)

ताई, काटे नसणे एवढ्यावरून बँक्शिया ठरवू नये. बँक्शियाच्या पानात बहुधा तीन ते पाच, क्वचित सात पर्णिका असतात. नऊ पर्णिका हे त्याचे लक्षण नाही. त्याहून खात्रीची खूण पानाच्या देठाच्या बुडाशी आहे. तेथे दोन्ही बाजूंना जी लहान उपपर्णे असतात, ती कृपया भिंगाखाली पाहावीत. बँक्शियाची उपपर्णे देठापासून सुटी, दोऱ्यासारखी बारीक असतात आणि लवकर गळून पडतात, त्यामुळे जून पानावर ती सापडतच नाहीत. याउलट उपपर्णे देठाला चिकटलेली असतील आणि त्यांची कडा फणीच्या दातांप्रमाणे चिरलेली असेल, तर आपला गुलाब ‘रोझा मल्टिफ्लोरा’ किंवा त्याच्या वंशातील संकर आहे असे समजावे. ही झालर संकरित वाणांतही उतरते, म्हणून केवळ तिच्यावरून शुद्ध जाती सिद्ध होत नाही. मात्र झालर, पाच पाकळ्यांची लहान पांढरी फुले आणि मोठे झुपके ही तिन्ही लक्षणे एकत्र असतील, तर मूळ जातीचीच शक्यता अधिक.

सासूबाईंची आठवण मला फार महत्त्वाची वाटते. मल्टिफ्लोरा मूळचा जपान, कोरिया आणि चीनमधील. आपल्याकडे तो मुख्यतः खुंट म्हणून, म्हणजे ज्यावर दुसऱ्या गुलाबाचे कलम केले जाते ते खालचे मुळांचे झाड म्हणून, वापरला जातो आणि त्याचे बिनकाट्याचे प्रकार डोळा भरायला (दुसऱ्या गुलाबाचा डोळा सालीत बसवून कलम करायला) सोयीचे असल्याने रोपवाटिकांना प्रिय आहेत. वर भरलेला लाल गुलाब मेला आणि खालचा खुंट फुटून भिंतीवर चढला, असे घडलेले असणे सहज शक्य आहे. बुडाशी थोडी माती हलक्या हाताने बाजूला करून कलमाच्या जोडाची गाठ शोधावी आणि सर्व फांद्या त्या गाठीच्या वरून निघतात की खालून, हे पाहावे.

उत्तर २ (डेहराडून)

आमच्याकडे डोंगरउतारावर ‘रोझा ब्रुनोनी’ हा पांढरा, सुगंधी वेली गुलाब रानात वाढतो आणि तोही झुपक्यांनी फुलतो. निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत ‘रोझा लेशेनॉल्टियाना’ आहे. म्हणून आणखी एक तपासणी सुचवतो. उमललेल्या फुलाच्या पाकळ्या आणि पुंकेसर काढून टाकल्यावर मधोमध कुक्षिवृंत (स्त्रीकेसरांच्या दांड्या) एकत्र जुळून तयार झालेला एक लहान स्तंभ दिसेल. मल्टिफ्लोराचा स्तंभ गुळगुळीत असतो, ब्रुनोनीचा लवदार. आपल्या गुलाबाला फारसे काटे नाहीत, हेही ब्रुनोनीच्या विरुद्ध जाते, कारण त्याचे काटे मजबूत आणि आकड्यासारखे वळलेले असतात.

उत्तर ३ (महाबळेश्वर)

नाव ठरेल तेव्हा ठरेल, परंतु ऑक्टोबरची छाटणी प्रथम थांबवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे पाऊस संपल्यावर गुलाब छाटण्याची जी पद्धत आहे, ती नव्या फुटीवर वर्षभर फुलणाऱ्या जातींसाठी योग्य आहे. वर्षातून एकदाच बहरणारे हे वेली गुलाब मात्र मागील हंगामात वाढलेल्या फांद्यांच्या बाजूच्या फुटींवर फुलतात. पावसाळ्यात वाढलेली लांब फांदी ऑक्टोबरमध्ये कापली, की मार्चचा बहर तिच्याबरोबरच जातो. फुले तुरळक होण्याचे कारण मला यातच दिसते.

छाटणी बहर ओसरल्याबरोबर, म्हणजे मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये करावी. सर्वांत जुन्या, करड्या सालीच्या दोन-तीन फांद्या बुडापासून काढाव्यात, म्हणजे पावसाळ्यात त्यांच्या जागी नव्या येतील; ज्या फांद्या ठेवायच्या, त्यांच्या फुलून गेलेल्या बाजूच्या फुटी दोन-तीन डोळ्यांवर आखूड कराव्यात. नव्या फांद्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, लवचिक असतानाच, भिंतीलगत आडव्या बांधाव्यात. फांदी उभी ठेवली तर केवळ शेंडा वाढतो. आडवी केल्यास शेंड्याचे वर्चस्व मोडून तिच्या लांबीवरील बहुतेक डोळे फुटतात. बांधताना सुतळी सैल ठेवावी. खत म्हणून पावसाळ्याच्या तोंडी चांगले कुजलेले शेणखत पुरेसे आहे. युरिया दिल्यास पाने माजतात आणि भुरी (पानांवर पांढरी पूड दिसणारा बुरशीरोग) लवकर येते. भिंतीलगत हवा खेळती नसेल, तर पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडतात, म्हणून गर्दीच्या बारीक फांद्या काढून टाकाव्यात.

प्रश्नकर्तीचे निवेदन

सर्वांची आभारी आहे. उपपर्णांची कडा स्पष्टपणे चिरलेली आहे आणि फुलातील स्तंभ भिंगाखाली अगदी गुळगुळीत दिसला. बुडाशी माती उकरल्यावर वाळून काळी पडलेली एक गाठ सापडली. सर्व जिवंत फांद्या तिच्या खालून निघाल्या आहेत. लाल गुलाब परत मिळण्याची काही आशा आहे का? आणि हा खुंट काढून टाकणे योग्य ठरेल का?

उत्तर १ (पुणे)

म्हणजे ओळख पटली : आपल्याकडे रोझा मल्टिफ्लोरा आहे. गाठीच्या वर एकही जिवंत फूट नसल्याने मूळ लाल गुलाब त्या झाडातून परत येणार नाही. त्याचे कलम शेजारीपाजारी कोणी नेले होते का, एवढी चौकशी सासूबाईंकडे अवश्य करावी. हा वेल मात्र काढू नये, असे माझे मत आहे. एकदाच का होईना, पण झुपक्यांनी फुलणारा आणि मुळे इतकी खोल रुजलेला गुलाब भिंतीसाठी उत्तम आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत त्याला उपद्रवी तण ठरवले आहे, म्हणून फळे पिकून लाल होण्यापूर्वी खुडावीत आणि कापलेल्या फांद्या आवाराबाहेर टाकू नयेत, एवढी काळजी घ्यावी.

लाल गुलाबाची हौस याच वेलाच्या आधारे भागवता येईल. एप्रिलमध्ये ज्या फांद्या कापाल, त्यांपैकी पेन्सिलीच्या जाडीचे, सुमारे 20 सेंटिमीटर लांबीचे तुकडे सावलीत, ओलसर वाळूमिश्रित मातीत लावावेत. मल्टिफ्लोरा सहज मुळे धरतो. ती रोपे पावसाळ्यात पोसून डिसेंबर-जानेवारीत त्यांच्यावर आपल्या आवडीच्या लाल गुलाबाचा डोळा भरावा. लावताना खुंटाचे जमिनीखाली जाणारे डोळे आधीच खरवडून टाकले, तर पुढे खालून फुटवे येण्याचे प्रमाण बरेच कमी राहते. तरीही एखादा फुटवा आलाच, तर तो कात्रीने न कापता बुडाशी धरून ओढून काढावा, कारण कापलेल्या जागेवरून तो पुन्हा फुटतो.