विषय: [मंडळ-चर्चा] प्रथमोपचाराच्या पेटीतल्या दोन काळ्या पिशव्या कुणी काढल्या?

सुनीती, सोमवार 25 ऑगस्ट 2025, रात्री 9:40

मंडळी,

काल लॉकर उघडला. पेटीत बँडेज, बर्नॉल, ओआरएस, सगळं जागच्या जागी. नॅलोक्सोनच्या, म्हणजे फेंटानिलसारख्या नशेच्या ओव्हरडोसवरच्या उताऱ्याच्या, दोन्ही पिशव्या तेवढ्या गायब. पाडव्याच्या कार्यक्रमाआधी मीच फार्मसीतून आणून ठेवल्या होत्या. शनिवारी सकाळी 8 ला गणपतीसाठी हॉल ताब्यात मिळतोय. नेल्या असतील तर परत ठेवा, फेकल्या असतील तर आजच सांगा, म्हणजे मी नवीन आणते. "मला माहीत नाही" एवढंच लिहायला कृपया मेल टाकू नका.

पराग, सोमवार, रात्री 9:52

मला माहीत नाही. 🙂 पण विषय निघालाच आहे तर सांगतो, पार्किंगचे पास अजून 11 जणांनी नेलेले नाहीत. मागच्या वेळी गाडी टो झाल्यावर मलाच फोन आले होते.

अविनाश, सोमवार, रात्री 10:30

सुनीती, पिशव्या मी काढल्या. फेकल्या नाहीत, ढोलांच्या मागच्या कपाटात कुलपात आहेत. लॉकरची जबाबदारी कार्यकारिणीने माझ्याकडे दिली आहे आणि आत काय येतं-जातं हे मला आधी कळायला हवं, हे मी दिवाळीच्या वेळीही लिहिलं होतं. त्या पिशव्यांमध्ये इंजेक्शनच्या सुया आहेत. पेटी असते बालवर्गाच्या चित्रकलेच्या टेबलाखाली. उद्या एखाद्या पोराने सुई टोचून घेतली तर विम्याचे कागद कोण भरणार? आणि दुसरं, उपचार चुकला तर मंडळावर दावा ठोकला जाईल, त्याचं काय?

वर्षा, मंगळवार 26 ऑगस्ट, सकाळी 7:05

अविनाशदादांशी शंभर टक्के सहमत. शिवाय 600 मोदक आम्ही त्याच हॉलच्या स्वयंपाकघरात वळणार आहोत. व्हॉट्सॲपवर तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेलच, पोलिसाने नुसती पुडी हाताळली आणि धाडकन खाली कोसळला. फेंटानिल, ते अफूच्या जातीचं जबर औषध, हाताला लागलं तरी माणूस जातो म्हणतात. अशा माणसाला हात लावायला मी आमच्या मुलींना सांगणार नाही. असली वस्तू प्रसादाच्या आसपास नको. आणि खरं सांगू, आपल्या लोकांत याची गरज काय? पाहुण्यांनी पेटी उघडली तर काय समजतील?

मानसी, मंगळवार, दुपारी 2:15

वर्षाताई, नाइट करून आत्ता उठले, म्हणून उशीर. हे इमर्जन्सीत काम करणारीचं उत्तर समजा.

पिशवीत फेंटानिल नाही. त्यात त्याचा उतारा आहे. ज्याच्या अंगात अफूच्या जातीचं काहीच नाही त्याला चुकून टोचला तर काहीही होत नाही.

आता व्हिडिओ. तो सॅन डिएगोच्या शेरीफ खात्याने ऑगस्ट 2021 मध्ये काढलेला आहे, आणि तो आल्याच्या आठवड्यातच विषतज्ज्ञांनी त्यावर आक्षेप घेतले. फेंटानिल चढलं की श्वास मंदावतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ निळे पडतात, हाक मारली तरी ओ येत नाही. अशा व्हिडिओंत लोकांना काय होतं? छाती धडधडते, धाप लागते, हातापायांना मुंग्या येतात, गरगरतं. ही घाबरल्याची लक्षणं आहेत, खरीखुरी आणि वाईट, पण विषाची नव्हेत. अमेरिकेतल्या विषशास्त्रज्ञांच्या दोन संघटनांनी 2017 मध्येच लिहून ठेवलंय की कोरडी पूड कातडीला लागून कुणाला बाधा होणं अतिशय अवघड आहे. हवेचा हिशोबही त्यांनी मांडला: कारखान्यात मोजलेल्या सर्वांत दाट धुळीत तोंडाला काही न बांधता 200 मिनिटं उभं राहिलात तर शरीरात 100 मायक्रोग्रॅम जाईल. हॉलच्या संडासात पडलेल्या माणसाजवळ असली धूळ नसते. हातमोजे घाला, ते पिशवीतच आहेत. पूड लागलीच तर साबणपाण्याने हात धुवा. बस.

मला या अफवेचा राग येतो तो वेगळ्या कारणासाठी. घाबरलेला माणूस चार पावलं मागे सरतो, आणि मरणाऱ्याच्या मेंदूला प्राणवायू नसतो तेव्हा तीच मिनिटं जातात. जानेवारी 2024 मध्ये इथे कॅनडात, आपल्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हिक्टोरियाच्या विद्यापीठात वसतिगृहातली पहिल्या वर्षाची मुलगी गेली. मदत दारात पोचली होती, नॅलोक्सोन आणि कृत्रिम श्वास उशिरा मिळाले. सरकारने त्यानंतर विद्यापीठांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. "आपल्या लोकांत" म्हणताना आपली किती मुलं आज वसतिगृहात राहतात तेही मोजा.

ज्योती, मंगळवार, दुपारी 4:40

मानसीने लिहिलंय त्यात भर. सांगलीला बाबांचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात होता तेव्हा डॉक्टरांनी फेंटानिलचाच पॅच दिला होता. दर तीन दिवसांनी मी बदलायचे. कागद सोलायचा, पाठ पुसून कोरडी करायची, चिकटवायचा आणि तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरायचा. लावल्यावर लगेच आराम पडत नसे, पहिला पॅच लावला ती सबंध रात्र बाबा कण्हत होते. इतक्या खटाटोपाने बनवलेला पॅच जर तासन् तास घेतो, तर पुडी चिमटीत धरून माणूस कसा कोसळेल?

मानसी, मंगळवार, दुपारी 4:58

ज्योतीमावशी, बरोबर. एक पुस्ती: वापरलेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरतं. चिकट बाजू आत दुमडून फार्मसीत परत द्यायचा, कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. लहान मुलाने तोंडात घातला तर जिवावर बेततं. हे ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांच्यासाठी.

मिलिंद, मंगळवार, सायंकाळी 6:20

ज्योतीवहिनी, तुमच्या बाबांना पॅच मिळाला हे नशीब म्हणायचं. मी फार्मसिस्ट म्हणून मिरजेत काही वर्षं काढली. 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा आला आणि मॉर्फिन ठेवायला इतके परवाने लागायला लागले की दुकानदारांनी ते ठेवणंच सोडलं. 2014 ला दुरुस्ती झाली, पण खेड्यापाड्यात अजूनही मरणाच्या वेदनेवर साध्या गोळ्या देतात. आणि त्याच देशातून टॅपेंटाडोल (अफूच्या जातीचं वेदनाशामक) आणि कॅरिसोप्रोडोल (स्नायू सैल करणारं औषध) यांची जोडगोळी पश्चिम आफ्रिकेत जात होती, ती बातमी या फेब्रुवारीत आली. कंपनी मुंबईची. मग केंद्राने त्या मिश्रणाची निर्यात बंद केली. म्हणजे दुखणाऱ्याला नाही आणि नशा करणाऱ्याला पोतंभर. धाकाने कायदा केला की असंच होतं.

श्रीकांतकाका, मंगळवार, रात्री 8:45

मिलिंद, कायद्याचा धाक नको तर काय हवं? मी 1988 पासून या गावात, व्हँकुव्हरला आहे. हेस्टिंग्ज स्ट्रीटवर इनसाइट, ते देखरेखीखाली नशा टोचून घ्यायचं केंद्र, उघडलं 2003 मध्ये, तेव्हा सांगितलं होतं की प्रश्न सुटेल. 31 जानेवारी 2023 पासून अडीच ग्रॅमपर्यंत अमली पदार्थ जवळ बाळगायला मुभा दिली. काय झालं? बसस्टॉपवर, उद्यानात, हॉस्पिटलच्या खोलीत लोक ओढायला लागले. शेवटी 7 मे 2024 ला याच सरकारला सार्वजनिक जागेची बंदी परत आणावी लागली. अमेरिकेतल्या ऑरेगॉनवाल्यांनी तर मतदानाने आणलेली सूट विधिमंडळात मागे घेतली, सप्टेंबर 2024 पासून पुन्हा गुन्हा. व्यसनी लोकांना बाजारातल्या मालाऐवजी देतात त्या सरकारी गोळ्या बाहेर विकल्या जातात म्हणून या फेब्रुवारीत आता समोर उभं राहून गिळायला लावतात. आणि मंडळाने आता त्याच धोरणाची पिशवी बाप्पाच्या मंडपात ठेवायची? आज पिशवी, उद्या काय?

निखिल, मंगळवार, रात्री 10:10

काका, पिशवी आणि धोरण यांचा काही संबंध नाही. अग्निशामक नळकांडं ठेवतो म्हणून आग लावायला प्रोत्साहन देतो असं कुणी म्हणत नाही.

तुमच्या तारखा बरोबर आहेत, पण क्रम सोडताय. प्रांताने ओव्हरडोसच्या मृत्यूंमुळे आरोग्याची आणीबाणी जाहीर केली 14 एप्रिल 2016 ला. त्या आधीच हेरॉइनच्या जागी फेंटानिल यायला लागलं होतं, कारण बोटभर पाकिटात मावतं आणि शेत लागत नाही. 2021 आणि 2022 या दोन्ही वर्षी प्रांतात 2200 च्या वर माणसं गेली, तेव्हा अडीच ग्रॅमची सूट नव्हती. 2023 मध्ये आकडा अडीच हजारांच्या पुढे गेला, 2024 मध्ये उतरला. उतरला तो सूट दिली म्हणून असंही मी म्हणणार नाही, कारण अमेरिकेत सूट नसलेल्या राज्यांतही उतरलाय: तिथे 2023 मध्ये लाखाच्या वर होते, 2024 मध्ये 80 हजारांच्या आसपास. माल बदलला, नॅलोक्सोन पसरलं, की जे मरणार होते ते आधीच मेले, यावर जाणकारांचंच एकमत नाही. त्यामुळे आपण या मेल-यादीवर ते ठरवू नये.

मी इलेक्ट्रिशियन आहे, म्हणून एक सांगतो. मेलेल्यांत बहुतेक पुरुष, 30 ते 59 वयाचे, आणि बहुतेक घरात किंवा चार भिंतींच्या आत गेलेले. बसस्टॉपवरचे लोक दिसतात, हे दिसत नाहीत. सरेतल्या एका साइटवर माझ्या टोळीत एक पंजाबी पोरगा होता, पाठ दुखते म्हणून कुणाकडून तरी गोळ्या घ्यायचा. दुपारच्या सुट्टीत व्हॅनमध्ये पडला. घोरत होता, विचित्र, पाणी भरलेल्या नळीसारखं. आम्ही म्हटलं, थकलाय, झोपू दे. तो आवाज घोरण्याचा नव्हता. फोरमनने ड्रायव्हरच्या सीटखालून हीच काळी पिशवी काढली, पँटवरूनच मांडीत टोचली आणि तोंडाने श्वास देत राहिला. पोरगा वाचला, पण कामावर परत आला नाही, आता कुठे असतो कुणास ठाऊक.

श्रीकांतकाका, मंगळवार, रात्री 10:31

नळकांड्याची तुलना मान्य नाही. आग लावणारा नळकांडं आहे म्हणून धीट होत नाही.

पराग, मंगळवार, रात्री 10:40

पास 9 उरले. कृपया!!

अविनाश, बुधवार 27 ऑगस्ट, सकाळी 8:15

बाप्पाच्या आगमनाच्या शुभेच्छा. माझ्या दोन प्रश्नांचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. सुया आणि दावा. धोरणावर काय वाटतं ते मी विचारलंच नव्हतं.

मानसी, बुधवार, दुपारी 12:05

अविनाशदादा, दावा: प्रांताचा गुड समॅरिटन कायदा आहे. फुकट, सद्हेतूने, आणीबाणीत मदत करणाऱ्यावर घोर निष्काळजीपणा सोडला तर खटला चालत नाही. आणि 911 ला फोन करणाऱ्यावर, जवळ स्वतःपुरता माल सापडला तरी, बाळगल्याचा गुन्हा लागत नाही, तो कॅनडाच्या केंद्र सरकारचा 2017 चा कायदा. हा मुद्दा तरुण मुलांना मुद्दाम सांगायला हवा, कारण मित्र पडला की पोलिसांच्या भीतीने फोन करत नाहीत.

सुया: पिशवीतल्या सिरिंजची सुई टोचून झाल्यावर आपोआप आत ओढली जाते. तरीही मुलांच्या टेबलाखाली ठेवू नये, हे तुमचं बरोबर. पण कुलपातही नको. किल्ली तुमच्या खिशात आणि तुम्ही आरतीला पुढे, मग काय? स्टेजच्या उजव्या बाजूला एईडीची, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राची, पेटी भिंतीवर आहे, मोठ्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर. तिच्या शेजारी खुंटीला लटकवू.

वर्षा, बुधवार, दुपारी 12:40

एईडीशेजारी चालेल. स्वयंपाकघरात नाही ना, मग झालं. पण मानसी, टोचायचं कोण? त्या काचेच्या कुप्या फोडायच्या, औषध ओढायचं, माझा हात साध्या इन्सुलिनलाही थरथरतो. नाकात मारायचा फवारा मिळतो ना?

मानसी, बुधवार, दुपारी 1:10

मिळतो. आपल्याकडच्या पिशव्या मात्र सुईच्याच आहेत, आणि त्या जमतात, रोज लोक करतात. ताई, खरं काम टोचणं नाहीच. आधी खांदे हलवून हाक, मग 911, मग मान मागे करून दर पाच सेकंदाला एक श्वास. मुखवटा पिशवीत आहे. ओठ निळे पडलेल्या माणसाला आधी हवा लागते, औषध नंतर. ते दिल्यावर तीन ते पाच मिनिटं श्वास देत राहायचं, नाही उठला तर दुसरी कुपी. आणि उठला तरी घरी सोडायचं नाही, नॅलोक्सोन अर्ध्या ते दीड तासात उतरतं आणि फेंटानिल परत डोकं वर काढू शकतं. हल्ली मालात गुंगीची दुसरी औषधंही मिसळलेली सापडतात, त्यांच्यावर नॅलोक्सोनचा उपयोग नाही, म्हणून "दिलं पण शुद्धीवर नाही" म्हणून हात टेकायचे नाहीत. श्वास सुरू आहे ना, ते बघायचं.

मिलिंद, बुधवार, दुपारी 3:30

कुप्यांची मुदत बघा. उन्हात गाडीत ठेवू नका. अविनाश, ढोलांच्या कपाटात हीटर चालू असतो का?

अविनाश, बुधवार, दुपारी 3:45

कपाटात हीटर नाही आणि मी काही गाडीत ठेवलेल्या नाहीत. मुदत 2027 पर्यंत आहे, आत्ताच बघितली. एईडीशेजारी खुंटी मी शुक्रवारी ठोकतो. हॉलवाल्यांची परवानगी मी घेतो, परस्पर कुणी बोलू नये. आणि यापुढे लॉकरमध्ये काही ठेवलं तर मला एका ओळीची मेल.

सुनीती, बुधवार, सायंकाळी 5:00

चालेल. मानसी, शनिवारी सकाळी 9 ला, सजावट चालू असताना स्टेजमागे पंधरा मिनिटं दाखवशील का? स्वयंसेवकांतले चारजण तरी हवेत. काका, तुम्हीही या, वाद तिथे घालू. दुसऱ्या दिवशी, 31 तारखेला, ओव्हरडोस जागृतीचा दिवसच आहे, पण त्याचं भाषण कार्यक्रमात घालायचं नाही, वेळ आधीच पुरत नाही.

मानसी, बुधवार, सायंकाळी 5:20

दाखवते. टोचायचा सराव संत्र्यावर करतात. डझनभर आणा कुणीतरी, साल जाड हवी.

श्रीकांतकाका, बुधवार, सायंकाळी 6:02

संत्री मी आणतो, कॉस्टकोची पेटी. माझं मत बदललेलं नाही.

वर्षा, बुधवार, सायंकाळी 6:10

काका, टोचलेली संत्री फळांच्या ताटात येता कामा नयेत. वेगळ्या पिशवीत, वर खूण करून.

पराग, बुधवार, सायंकाळी 6:15

श्रीकांतकाका, तुमचाही पास न्यायचा राहिलाय.